कारखान्याजवळ पिकवलेली भाजी: जड धातूंची तपासणी नीट कशी करायची आणि रिपोर्ट आल्यावर काय करायचं

कारखान्यांच्या पट्ट्याला लागून ज्यांची शेती किंवा भाजीचे वाफे आहेत त्यातले बरेच जण तपासणी करतात, पण पद्धत अशी असते की एक जुडी उचलली, लॅबला दिली, रिपोर्टवर ‘आढळले नाही’ आलं की सुटलो म्हणायचं. किंवा उलटं, आकडा मोठा दिसला की सगळं पीक उपटून टाकायचं, आणि तो आकडा वाळलेल्या भाजीचा होता हे कोणी बघितलेलंच नसतं. दोन्हीत नुकसान आपलंच.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: धातू पानावर धूळ होऊन बसलाय, की मुळातून पानात चढलाय? धूळ असेल तर धुणं, आच्छादन, आडोसा यांनी फरक पडतो. मुळातून आला असेल तर भाजी दहा पाण्यातून काढली तरी काही होत नाही, तिथे माती, पाणी किंवा पीक बदलावं लागतं. खालचे सगळे टप्पे या एका प्रश्नाचं उत्तर मिळावं अशा क्रमाने लावलेत, म्हणून क्रम मोडू नका.

टप्पा १: आधी कागदावर नकाशा काढा

शेतात जायच्या आधी एक साधा नकाशा काढा. कारखाने कुठे, रस्ता कुठे, नाला कुठून येतो, पाणी कुठून घेता, वारा वर्षातला जास्त काळ कुठून कुठे वाहतो, एवढं पुरे. मग आसपास नक्की काय बनतं ते लिहा, कारण त्यावरून कुठले धातू तपासायचे ते ठरतं. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवत असतील तर शिसं, आणि सोबत अँटिमनी, आर्सेनिक. जस्त वितळवत असतील तर कॅडमियम हमखास बघा, ते जस्ताच्या खनिजासोबतच येतं. प्लेटिंगवाले (धातूवर मुलामा चढवणारे) असतील तर क्रोमियम, निकेल, जस्त, कॅडमियम. चामडं कमावत असतील तर क्रोमियम. कोळसा जाळून वीज बनत असेल तर राखेतून आर्सेनिक आणि पारा. ई-कचरा जाळत किंवा फोडत असतील तर शिसं, कॅडमियम, तांबं.

कारखान्याशी संबंध नसलेल्या गोष्टीही त्याच कागदावर लिहा: जुन्या भिंतींचा किंवा लोखंडी फाटकाचा सुटलेला रंग, पूर्वी टाकलेला सांडपाणी प्रकल्पाचा गाळ, मिसळलेल्या कचऱ्याचं कंपोस्ट, वर्षानुवर्षं टाकलेलं फॉस्फेट खत (काही फॉस्फेट खडकात मुळातच कॅडमियम असतं). असं कितीदा होतं की दोष चिमणीला दिला जातो आणि शिसं निघतं घराच्या भिंतीलगतच्या वाफ्यात.

एक मात्र करू नका, पीक कसं दिसतंय त्यावरून अंदाज बांधू नका. जस्त, तांबं, निकेल फार वाढले तर रोप पिवळं पडतं, खुरटतं, म्हणजे निदान सूचना तरी मिळते. कॅडमियमचं तसं नाही, माणसाला त्रासदायक होईल इतकं कॅडमियम पानात असूनही भाजी हिरवीगार, टवटवीत दिसू शकते.

टप्पा २: सामान गोळा करा, इथेच निम्मी सॅम्पल्स बिघडतात

आपण किलोमागे मिलिग्रॅमच्या भागात मोजणार आहोत, त्यामुळे अवजारातून निघालेला कणसुद्धा रिपोर्ट बदलू शकतो. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेलं नको, त्यातून जस्त येतं. रंग दिलेलं खुरपं नको, पितळेचं-तांब्याचं काही नको, गंजलेलं फावडं नको. स्टेनलेस स्टीलचं खुरपं किंवा जाड प्लॅस्टिकचं फावडं, प्लॅस्टिकची स्वच्छ बादली, नवीन पारदर्शक पिशव्या, प्लॅस्टिकची २ मिलिमीटरची चाळणी, प्लॅस्टिक शीट, शिसपेन्सिल आणि कागदाच्या चिठ्ठ्या एवढं घ्या. (शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, आणि पेन्सिलीचं लिहिलेलं ओलाव्याने पसरत नाही.) माती वाळवायला छापील कागद पसरू नका, पिशवीला स्टेपलर मारू नका. हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, हातमोजे घाला.

चिठ्ठी दोन ठिकाणी हवी, एक पिशवीच्या आत छोट्या दुसऱ्या पिशवीत, एक बाहेर. त्यावर तारीख, जागेचा कोड, खोली, कोणतं पीक. कोड नकाशावर लगेच टाका, घरी जाऊन आठवून टाकू नका.

टप्पा ३: मातीचं सॅम्पल

पूर्ण शेताचं एकच सॅम्पल काढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. नाल्याकडचा भाग, रस्त्याकडचा भाग, मधला भाग, भराव टाकलेला भाग हे सगळे वेगळे धरा आणि प्रत्येकाचं वेगळं सॅम्पल काढा. एकत्र केलं तर वाईट कोपरा चांगल्या मातीत मिसळून सरासरीत लपतो, आणि भाजी काही सरासरी मातीत उगवत नाही.

एका भागात नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणी थांबायचं. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करायचा, माती खरवडायची नाही, मग व्ही आकाराचा खड्डा घेऊन एका बाजूची सलग चकती काढायची, शून्य ते २० सेंटिमीटर, कारण भाजीची बहुतेक मुळं तिथेच असतात. प्रत्येक ठिकाणाहून सारखीच माती घ्या, एका ठिकाणी मूठभर आणि दुसरीकडे खोरंभर असं नको.

हे सगळं बादलीत मिसळलं की ५-६ किलो होतं, लॅबला अर्धा किलो पुरतं. कमी करायची पद्धत अशी: प्लॅस्टिक शीटवर मातीचा ढीग करा, ढेकळं हाताने फोडा, खडे वेचून काढा (फोडून मातीत मिसळू नका), ढीग सपाट करून बोटाने अधिकचं चिन्ह काढा म्हणजे चार भाग होतील, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. उरलेलं परत मिसळा, परत चार भाग. अर्धा किलो राहीपर्यंत असंच. वरवरची माती हाताने उचलून पिशवी भरायची नाही, कारण जाडी-बारीक माती ढिगात वेगवेगळी होते आणि धातू बारीक कणांना जास्त चिकटलेले असतात.

माती सावलीत वाळवा. ओली माती तशीच बांधली तर बुरशी धरते. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये अजिबात नको.

धूळ हवेतून येतेय असा संशय असेल आणि जमीन अलीकडे नांगरलेली नसेल तर त्याच जागी दोन थर वेगळे काढा, वरचे ५ सेंटिमीटर आणि त्याखालचे ५ ते २०. वरच्या थरात आकडा बराच जास्त निघाला तर धातू वरून पडतोय असं समजायला चांगला आधार मिळतो. नांगरलेल्या जमिनीत हे जमत नाही, सगळं मिसळलेलं असतं.

चेक: तुलनेचं सॅम्पल घेतलं का? त्याच प्रकारची माती, पण कारखान्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट दिशेला, रस्त्यापासून दूर. हे नसेल तर रिपोर्टमधलं शिसं कारखान्याचं की त्या मातीतलं मूळचंच, हे सांगता येत नाही. अनेकजण पैसे वाचवायला हेच सॅम्पल गाळतात आणि मग पूर्ण रिपोर्टचा अर्थच लागत नाही.

टप्पा ४: पाणी, आणि पाण्यापेक्षा जास्त त्यातला गाळ

सांडपाणी रोज सारखं नसतं. दुपारी निवळ आणि रात्री काळं, असं होतं. त्यामुळे एका दुपारी भरलेली एक बाटली फारसं काही सांगत नाही. जे पाणी खरंच पिकाला जातं तेच, पाणी चालू असतानाच, वेगवेगळ्या वेळी घ्या. बोअरचं असेल तर ५-१० मिनिटं वाहू द्या, मग भरा.

बाटल्या लॅबकडूनच मागवा. बऱ्याच लॅब बाटलीत आधीच थोडं नायट्रिक ॲसिड घालून देतात म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. ती बाटली विसळायची नाही. लोक सवयीने दोनदा विसळून घेतात आणि ॲसिड नाल्यात जातं. ॲसिड हाताला लागू देऊ नका, घरी आणून स्वतः घालायच्या भानगडीत तर पडूच नका. पारा आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचा जास्त विषारी प्रकार) यांना वेगळ्या बाटल्या लागतात, आधी विचारून ठेवा.

आता गाळाबद्दल, कारण हे फार कमी जण करतात आणि याचा उपयोग खूप होतो. धातू पाण्यात विरघळलेले कमी आणि गढूळ कणांना चिकटलेले जास्त असतात, आणि ते कण पाटाच्या तळाशी बसतात. म्हणजे त्या चिखलात गेल्या कित्येक पाळ्यांचा हिशोब साठलेला असतो, आज पाणी निवळ असलं तरी. शेतात पाणी शिरतं त्या तोंडाजवळचा तळाचा बारीक चिखल प्लॅस्टिकच्या डावाने काढा, पिशवीत भरा, मातीसारखाच तपासायला द्या.

पाण्याचा रिपोर्ट वाचताना पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेशी तुलना करू नका. सिंचनासाठी एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९८५ च्या मार्गदर्शनात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, क्रोमियम आणि आर्सेनिक प्रत्येकी ०.१, निकेल ०.२ असे आकडे आहेत. आकडा लहान म्हणून हलक्यात घेऊ नका, हिशोब करून बघा. हेक्टरला वर्षाला १० हजार घनमीटर पाणी दिलं आणि त्यात कॅडमियम बरोबर ०.०१ असेल तर वर्षाला १०० ग्रॅम कॅडमियम त्या जमिनीत जातं. वरच्या २० सेंटिमीटरमध्ये साधारण २६ लाख किलो माती असते, म्हणजे किलोमागे दरवर्षी जवळपास ०.०४ मिलिग्रॅमची भर. २० वर्षांत ०.८. ज्या मातीत मुळात १ पेक्षा कमी असतं तिथे हे फार मोठं आहे.

टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो एकूण क्षार दाखवतो. त्यात कॅडमियम आहे की नाही ते त्याला कळत नाही.

टप्पा ५: भाजीचं सॅम्पल, एकाच भाजीचे दोन भाग

पूर्ण लेखातला हा टप्पा कोणी गाळू नये.

काढणीच्या वेळीच, जशी विकता किंवा खाता तशी भाजी घ्या. ज्या भागातून माती घेतली त्याच भागातून, शक्यतो त्याच ठिकाणांवरून, १०-१५ रोपं मिळून किलो-दीड किलो. नुकताच मोठा पाऊस झाला असेल तर काही कोरडे दिवस जाऊ द्या, नाहीतर धूळ धुऊन गेलेली असते आणि वर मातीचे शिंतोडे उडालेले असतात, दोन्हीकडून चित्र चुकतं.

घरी आणल्यावर पिकलेली, सडकी पानं आणि मुळं काढा, बाकी नीट मिसळून दोन सारखे भाग करा. पहिला भाग तसाच, न धुता. दुसरा भाग नीट धुवायचा: रुंद प्लॅस्टिकच्या टबमध्ये भरपूर पाणी, पानं बुडवून हलवायची आणि पानं वर उचलून दुसऱ्या टबात घालायची. टब कलंडून पानांवरून पाणी ओतायचं नाही, कारण तळाला बसलेली माती परत पानांवर येते. असं तीन-चार वेळा, शेवटचं पाणी डिस्टिल्ड. देठ जिथे बुडख्याला एकत्र येतात ती खोबण बोटाने उघडून बघा, पालक-माठात सगळ्यात जास्त माती तिथेच अडकते. मग पाणी निथळून स्वच्छ कोऱ्या टिश्यूने टिपा आणि वेगळ्या पिशवीत भरा. दोन्ही पिशव्या थंड ठेवून लवकरात लवकर लॅबला पोचवा, म्हणजे ओलावा उडून वजन बदलत नाही.

आता यातून काय कळतं ते बघा. समजा माठाचा रिपोर्ट असा आला (आकडे किलोला मिलिग्रॅममध्ये): शिसं न धुतलेल्यात ०.९, धुतलेल्यात ०.२, कॅडमियम न धुतलेल्यात ०.३१, धुतलेल्यात ०.२९. शिसं मोठ्या प्रमाणात उतरलं म्हणजे ते पानावर बसलेलं होतं. कॅडमियम हललंच नाही म्हणजे ते पानाच्या आत आहे. एकाच भाजीत दोन धातूंची दोन वेगळी कारणं, आणि उपायही दोन वेगळे. एकच सॅम्पल दिलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

हे असं घडण्यामागे कारण आहे. शिसं मातीला घट्ट धरून बसतं, मुळात शिरलं तरी बरंचसं मुळातच अडकतं, वर कमी चढतं. कॅडमियम रोपात सहज फिरतं आणि पानात साठतं. म्हणून पानात शिसं दिसलं तर आधी धुळीचा आणि चिकटलेल्या मातीचा संशय घ्या, कॅडमियम दिसलं तर मातीचा आणि पाण्याचा.

शंका राहिली तर लॅबला त्याच सॅम्पलमध्ये टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमही मोजायला सांगा. मातीत हे भरपूर असतात, रोप ते फारसं घेत नाही, त्यामुळे धुतलेल्या भाजीतही हे जास्त निघाले तर धुणं नीट झालेलं नाही असं समजा.

टप्पा ६: लॅबला काय विचारायचं

साधी माती परीक्षणाची तपासणी यात चालत नाही, त्यात नत्र-स्फुरद-पालाश, पीएच (माती किती आम्लधर्मी आहे त्याचं माप), सेंद्रिय कर्ब येतात, जड धातू येत नाहीत. (पीएच आणि सेंद्रिय कर्ब मात्र याच सॅम्पलवर नक्की करून घ्या, उपाय ठरवताना लागतात.) धातूंसाठी आयसीपी-एमएस, आयसीपी-ओईएस किंवा एएएस यापैकी मशीन असलेली, आयएसओ १७०२५ (लॅबच्या कामाच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेली लॅब बघा. हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) गनने मातीतल्या शिशाची प्राथमिक चाचणी होते, पण भाजीतल्या कॅडमियमसाठी ती गन पुरत नाही.

पैसे भरायच्या आधी हे लेखी विचारा:

१. भाजीमध्ये प्रत्येक धातू कमीत कमी किती असला तर तुम्हाला खात्रीने मोजता येतो?
२. रिझल्ट ताज्या वजनावर देणार की वाळलेल्या?
३. ओलाव्याचा टक्का रिपोर्टवर लिहिणार का?
४. मातीत एकूण धातू मोजणार की फक्त रोपाला मिळू शकणारा भाग?
५. सोबत ब्लँक (सॅम्पल न घालता केलेली चाचणी) आणि प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातला धातू आधीच माहीत आहे असा) चालवता का, त्याचे आकडे देणार का?

पहिला प्रश्न सगळ्यात मोठा. समजा लॅब कॅडमियम किलोला ०.५ मिलिग्रॅमच्या खाली मोजूच शकत नाही, आणि पालेभाजीची मर्यादा ०.२ आहे. मग भाजीत ०.४ असलं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, तरी रिपोर्टवर ‘आढळले नाही’ येईल. अशा रिपोर्टवर भाजी निर्धास्त विकली जाते, घरात पोरांना खायला दिली जाते, याचं मला फार वाईट वाटतं कारण त्या माणसाने तपासणी करायची तयारी दाखवलेली असते, पैसे भरलेले असतात.

क्रोमियमचं एक बघा. एकूण क्रोमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम वेगळे. दुसरं जास्त विषारी आणि पाण्याबरोबर सहज हलणारं. प्लेटिंग किंवा चामड्याचा उद्योग जवळ असेल तर पाण्यात ते वेगळं मोजून घ्या.

चेक: एक माती दोन पिशव्यांत भरून दोन वेगळे कोड टाकून पाठवा, लॅबला सांगू नका. दोन आकड्यांत फार फरक पडला तर बाकीच्या आकड्यांवर निर्णय घ्यायच्या आधी लॅबशी बोला.

टप्पा ७: रिपोर्ट वाचणं

पहिली नजर युनिटवर. मिलिग्रॅम प्रति किलो आणि पीपीएम एकच, मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे त्याचा हजारावा भाग. दुसरी नजर, ताजं वजन की वाळलेलं.

पालेभाजीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे वाळलेल्या वजनावरचा आकडा ताज्यापेक्षा साधारण दहापट दिसतो. मर्यादा मात्र ताज्या वजनावर असतात. बदलायचं असं: वाळलेल्यावरचा आकडा गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले १००. समजा कॅडमियम १.८ आलं आणि ओलावा ९१ टक्के, तर १.८ गुणिले ०.०९ म्हणजे ०.१६. कोडेक्स या अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकात पालेभाजीसाठी कॅडमियम ०.२ आहे, म्हणजे १.८ बघून घाबरलेला माणूस प्रत्यक्षात मर्यादेच्या आत आहे. कोडेक्समध्ये मूळभाज्यांसाठी शिसं ०.१ आणि कॅडमियम ०.१ आहे, फळभाज्यांसाठी शिसं ०.०५. तुमच्या देशाचे नियम वेगळे असू शकतात, ते बघून घ्या, आणि मुळ्याचा आकडा पालेभाजीच्या मर्यादेशी जुळवू नका.

पण इथे थांबू नका, मर्यादेच्या आत म्हणजे विषय संपला असं नाही, रोज किती खातो तेही मोजावं लागतं. कॅडमियमसाठी एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ठरवलेली सोसण्याजोगी मात्रा वजनाच्या किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला महिन्याला १५००, म्हणजे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम. वरची ०.१६ वाली भाजी रोज २०० ग्रॅम खाल्ली तर ३२ मायक्रोग्रॅम झाले, म्हणजे निम्म्याहून जास्त एका भाजीतच, धान्य आणि बाकीचं अजून धरलेलंच नाही. १५ किलोच्या मुलाला दिवसाला १२.५. त्याने रोज ८० ग्रॅम खाल्ली तर जवळपास १३ होतात. मर्यादेत बसणारी भाजी, तरी मुलाचा हिशोब पार. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून जायला दशकं लागतात, म्हणून महिन्यातून एकदा खाणं आणि रोज खाणं यात खूप अंतर आहे. शिशासाठी याच समितीने जुनी साप्ताहिक मर्यादा मागे घेतली, कारण सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच ठरवता आली नाही. मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा बरंच जास्त शोषलं जातं, त्यामुळे शिसं जितकं कमी करता येईल तितकं करायचं.

टप्पा ८: उपाय, याच क्रमाने

आधी स्रोत तोडा. पाण्यातून येत असेल तर पाणी बदलल्याशिवाय बाकी काहीही करू नका. एका बाजूने चुना-खत टाकायचं आणि दुसऱ्या बाजूने तेच पाणी सोडायचं याला अर्थ नाही. पाटातला गाळ उपसून वाफ्यात टाकायची सवय असेल तर ती आजच बंद.

धूळ निघाली असेल तर: जमीन उघडी ठेवू नका, पेंढा किंवा पाला जाड अंथरा म्हणजे पावसाचे शिंतोडे पानावर उडत नाहीत. रस्त्याच्या आणि कारखान्याच्या बाजूला दाट कुंपण लावा. खरबरीत, केसाळ, पसरट पानांच्या भाज्या त्या बाजूला नकोत. साल काढून किंवा शेंगेतून सोडवून खायची पिकं घ्या.

धातू मुळातून आला असेल तर पीएच बघा. आम्लधर्मी मातीत कॅडमियम जास्त सुटतं, पीएच ६.५ ते ७ पर्यंत आणला की रोपात जाणं कमी होतं. चुना किती टाकायचा ते माती परीक्षणावरून ठरवा, अंदाजाने पोती ओतू नका, जास्त झाला तर लोह-जस्ताची कमतरता पडते. आणि जस्त कमी असलं की रोप कॅडमियम जास्त ओढतं, म्हणजे केलेलं वाया. खारट पाण्यातले क्लोराइडही कॅडमियम सुटं करतात. चांगलं कुजलेलं सेंद्रिय खत भरपूर द्या, पण तेही तपासलेलं.

सावधान: मातीत आर्सेनिक असेल तर चुना आणि फॉस्फेट डोळे झाकून टाकू नका. फॉस्फेट आर्सेनिकची जागा घेतं आणि त्याला सुटं करतं, पीएच वाढला तरी तेच, पाणी तुंबलं की अजून वाढतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियमलाही चुन्याने फायदा नाही, तिथे सेंद्रिय खत जास्त कामाचं. एकच उपाय सगळ्या धातूंना लावणं ही महागात पडणारी चूक आहे.

पीक बदलणं हा सगळ्यात लवकर लागू पडणारा उपाय. ढोबळमानाने पालेभाज्या सर्वात जास्त घेतात, मग मूळभाज्या, आणि टोमॅटो, काकडी, दुधी, भेंडी, शेंगांच्या भाज्या बऱ्याच कमी. तरी तपासणी करूनच ठरवा, वांग्यासारखं पीक फळभाजी असूनही कॅडमियम बऱ्यापैकी घेऊ शकतं.

थोडीच जागा असेल तर उंच वाफे करा. खाली पाणी जाईल पण मुळं अडतील असं जाड कापड, वर किमान ३० सेंटिमीटर बाहेरून आणलेली माती. ती माती आणायच्या आधी तपासा. कडेला जुनं रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड लावू नका, त्यातूनच आर्सेनिक किंवा शिसं उतरतं.

आकडे फारच वाईट असतील तर तिथे खायचं पीक थांबवा, फुलं, धाग्याची पिकं, लाकडाची झाडं लावा. धातू शोषणारी झाडं लावून जमीन साफ करायची तर वर्षं, कधी दशकं जातात, आणि कापलेला पाला जनावराला घालायचा नाही, जाळायचा नाही, कंपोस्टमध्ये टाकायचा नाही. धातू सुटे करून झाडाला लवकर देणारी चिलेट रसायनं स्वतःहून वापरू नका, ती धातू खाली भूजलात ढकलतात.

टप्पा ९: तोपर्यंत घरात

धुणं वर सांगितलं तसंच, लिटरमागे दोन चमचे व्हिनेगर घातलं तर चिकटलेली धूळ सुटायला मदत होते. बाहेरची पानं टाका, मुळा-गाजराची साल काढा. शिजवल्याने धातू नष्ट होत नाही. पानं वाळवून पावडर करू नका, पाणी उडतं आणि धातू तेवढाच राहतो, म्हणजे चमच्यामागे कितीतरी जास्त. शेतातली चप्पल दाराबाहेर, हात-नखं साफ, आणि लहान मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका, कारण मातीचे हात तोंडात गेले तर शिसं भाजीपेक्षा जास्त तिथूनच जातं.

टप्पा १०: परत तपासणी

चुना किंवा खत टाकल्यावर लगेच सॅम्पल काढू नका, एक पूर्ण पीक निघू द्या. त्याच जागा, तीच खोली, तीच भाजी, तोच मोसम, तीच लॅब. मातीतला एकूण धातूचा आकडा चुन्याने कमी होणार नाही, तो तेवढाच दिसेल, म्हणून उपाय फसला असं समजू नका; भाजीतला आकडा बघा. आणि या वेळीही दोन पिशव्या भरा, एक धुतलेली, एक न धुतलेली.